कोपीवरून आलेले सवाल

शेख बाई, तुमचा शाळेचा फोन बारा दिवस माझ्या कपाटात पडून होता आणि मी तो उघडला नाही. हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही असता तर सांगावं लागलंच नसतं. वऱ्हांड्यात चप्पल काढतानाच तुम्ही ओळखलं असतं आणि म्हणाला असता, "कदम सर, तोंड कशापायी लपवायलात?"

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीच्या प्रार्थनेला, मी येरमाळ्याला तुमच्या घरी आलो होतो. गर्दी बरीच होती. तुमच्या हाताखालून गेलेला एक जण एसटीत कंडक्टर झालाय, तो खाकी कपड्यांतच आला होता आणि दारापाशी उभं राहून लहान पोरासारखा रडत होता. फातिहा झाल्यावर तुमच्या मालकांनी, म्हणजे अख्खी शाळा ज्यांना चाचा म्हणते त्यांनी, मला शिलाई मशीनच्या खोलीत नेलं. फोन त्यांनी अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेवला होता. म्हणाले, "सर, हे रोज दुपारी वाजतंय. मला उघडायची हिंमत होत न्हाय. शाळेची अमानत हाय, शाळेत ठेवा." मी तो घेतला, शाळेत नेला आणि कपाटाला कुलूप लावलं. अमानत सांभाळायची ही माझी तऱ्हा.

रोज दुपारी कोण वाजवतंय ते मला माहीत होतं. चौथीतली सोनाली. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. आणि तिच्या बापानं, बाळूनं, दसऱ्यानंतर ट्रॅक्टरमध्ये सामान भरताना तुम्हाला काय सांगितलं होतं तेही मी ऐकलं होतं. "बाई, औंदा चौथी झाली की बास. पाचवी वाशीला, तालुक्याच्या गावी. कोण न्हेणार, कोण आणणार? पुढल्या सालापासनं ही आमच्यासंगंच ऱ्हाईल, धाकट्याला सांभाळील." तुम्ही भांडला नाहीत. एवढंच म्हणालात, "उन्हाळ्यात परत या, मग बसून बोलू." ते बोलणं तुम्ही करणार होता. ते आता माझ्या गळ्यात आलं होतं, आणि असली बोलणी मला जमत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे.

आपली शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी तुमच्याकडं. मोबाईल, व्हिडिओ, लिंक, ऑनलाइन माहिती भरणं ही सगळी नव्या जमान्याची कामं माझ्याकडं. त्याचा मला काय तोरा होता! सोनाली दुसरीत माझ्याच वर्गात होती तेव्हा मी ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांसाठी भाराभर व्हिडिओ केले. इस्त्रीचा शर्ट, मागं भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा, आणि बातम्या द्याव्या तशी भाषा. 'मुलांनो, आपल्या स्वयंपाकघरातील समान आकाराच्या दोन वाट्या घ्या.' उसाच्या वाळल्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, बाहेर तीन दगडांची चूल, त्यात मी स्वयंपाकघर शोधत होतो. बाळूचा फोन दिवसभर बाळूच्या खिशात, उसाच्या फडात. संध्याकाळी तो मेसेज नुसता अंगठ्यानं उघडायचा, व्हिडिओ काही उतरायचा नाही. मला निळ्या खुणा दिसायच्या आणि मी फॉर्म भरायचो, 'विद्यार्थी ऑनलाइन जोडलेला आहे.'

तो कागद वाचून तुम्ही विचारलंत, "जोडलेला म्हंजी कशाला जोडलाय, सर? गाडीला?"

मला राग आला होता. पाडव्यानंतर सोनाली परत आली तेव्हा तिला हातच्याची बेरीज येत नव्हती, जी जाताना येत होती. ती पाटीकडं बघत बसली आणि मी खिडकीकडं. तुम्ही त्या दिवशी मला काही बोलला नाहीत. जेवायच्या सुट्टीत डबा पुढं सरकवलात आणि शेंगदाण्याची चटणी वाढलीत. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या दसऱ्याला ती तिसरीत, तुमच्या वर्गात होती. ट्रॅक्टर उभा, माणसं घाईत, आणि तुम्ही तिला बाजूला घेऊन सांगत होता, "तिथं शाळा न्हाय ना? मग तूच आमची शाळा घे. रोज दुपारी बाप भाकरीला आला की त्याच्या फोनवर बोलून एक सवाल पाठवायचा. उत्तर न्हाय पाठवायचं, सवाल. तुला ज्याचं उत्तर म्हाईत न्हाय असा."

मी हसलो होतो. गैरहजर मुलीनं हजर मुलांना शिकवायचं, ही कुठली उलटी गंगा? पण दुसऱ्या दिवशी दुपारी सवाल आला. आणि तिसऱ्या दिवशीही आला.

तुमच्या वर्गाचा पहिला तास 'सोनालीचा तास' झाला. तुम्ही फोन रिकाम्या स्टीलच्या ग्लासात उभा करायचात, म्हणजे आवाज मोठा येतो. पोरं गोल बसायची. सवाल ऐकायचा, चार-चारच्या गटात शोधायचा, वस्तू आणायच्या, करून बघायचं, आणि मग एकानं उत्तर बोलून पाठवायचं. उत्तरात 'कसं काढलं' हे सांगितलंच पाहिजे, हा तुमचा कायदा. तिला पटलं नाही तर ती दुसऱ्या दिवशी उलटा जबाब द्यायची. तुमच्या वर्गातून हसण्याचा, भांडण्याचा, डबे आपटल्याचा आवाज यायचा आणि माझ्या वर्गातली पोरं दारातून माना लांब करायची. मी त्यांना दटावायचो. मला शांत वर्ग आवडायचा, हे कबूल.

यंदा पौष लागायच्या सुमाराला तिनं फळीचा सवाल पाठवला. "आमच्या इथं उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढत्यात. फळी लांब असली की सोपं जातंय का आखूड असली की?" पोरांनी काय केलं? माझ्या ऑफिसातली, म्हणजे कपाटाशेजारच्या कोपऱ्यातली, फळी न विचारता पळवली. दप्तरांची मोळी बांधली, वऱ्हांड्याच्या कट्ट्याला एकदा लांब फळी लावली, एकदा तुटका बाक, आणि एकेक जण मोळी घेऊन चढला. लांब फळीवर दम कमी लागतो. ते त्यांनी पाठवलं. दुसऱ्या दिवशी ग्लासातून सोनाली म्हणाली, "तुमचं बरूबर हाय. पर लांब फळी मधी लवती. पाय सरकतोय. मागल्या साली एक मावशी पडली. म्हणून आमच्या इथं आखूडच लावत्यात." हे पुस्तकात नव्हतं. मला डीएडला शिकवलेलं नव्हतं. तुम्ही भिंतीला टेकून उभ्या होता आणि मला वाटतं तुमच्या डोळ्यात पाणी होतं, पण तुम्ही पदरानं चष्मा पुसलात आणि म्हणालात, "आता बोला. न लवणारी लांब फळी कशी करायची?"

आणि यानंतरही मी तुमच्याशी भांडलो, बाई. तुमच्या शेवटच्या शनिवारी. शाळा सुटली होती, तुम्ही स्कूटीला पिशवी अडकवत होता. मी म्हणालो, "तुमच्या वर्गाचं पुस्तक अर्धं राहिलंय. तपासणीला साहेब आले तर फळी दाखवणार का त्यांना?" तुम्ही म्हणालात, "दाखवीन की. त्यांनाच चढवीन." मी म्हणालो, "थट्टा नको, मला उत्तर द्यावं लागतं." तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "सर, सोमवारी निवांत भांडू. आज पाव्हणे यायलेत घरी." स्कूटी चालू झाली आणि तुम्ही गेलात. रविवारी सकाळी चाचांचा फोन आला.

सोमवार आपल्याला मिळाला नाही. म्हणून जे तुम्हाला माहीत नाही ते इथं सांगतो. सोनालीनं फळी लवते म्हणून सांगितलं त्या संध्याकाळी मी वाशीला घरी गेलो आणि पायरीला फळी लावून, डोक्यावर गव्हाचं पोतं घेऊन चार वेळा वर-खाली केलं. बायकोला वाटलं मला वेड लागलं. लांब फळी खरंच लवते. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, पण सांगितलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं, म्हणून मी दाबून ठेवलं आणि वर पुस्तकावरून भांडलो. माझा इतका राग आलाय मला या गोष्टीचा की काय सांगू.

तुमच्यानंतर दोन्ही वर्ग माझ्याकडं आले. पहिल्या सकाळी तिसरी-चौथीची पोरं न सांगता गोल करून बसली होती. मधे ग्लास ठेवलेला. मी म्हणालो, "ओळीत बसा, पुस्तकं काढा." ती ओळीत बसली. फळ्यावर 'उजळणी' लिहिलं आणि बारा दिवस तेच लिहीत राहिलो. पुस्तक भराभर पुढं सरकत होतं. वर्ग शांत होता, अगदी मला आवडायचा तसा, आणि मला तो सहन होत नव्हता.

शेवटी चौथीतली एक पोरगी वही दाखवायला आली आणि हळूच म्हणाली, "सर, सोनाली रुसली असंल. आपुन उत्तरच पाठवलं न्हाय." तिला काय सांगू? सोनालीला बाई गेल्याचं कसं कळवू हे मला सुचत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांचा तास बंद केलाय, असं सांगू? जेवायच्या सुट्टीत मी कुलूप काढलं, फोन चार्जिंगला लावला आणि दार लोटून एकट्यानं ऐकायला बसलो.

अकरा सवाल होते. तोच आवाज, मागं बैलांच्या घुंगरांचा आणि कुणाच्या तरी रडण्याचा आवाज. "बैल उभ्या उभ्या झोपतोय, मग माणूस का झोपत न्हाय?" "चिंधीवर पाणी मुरतंय, पाचटावरनं ओघळून जातंय, असं का?" "ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी आन म्होरची बारकी, का?" चौथ्या की पाचव्यात ती म्हणाली, "चार दिस उत्तर न्हाय. चुकलं असंल तरी पाठवा." आणि मग पुढचा सवाल. रुसवा नाही, तक्रार नाही. रोज एक. मी डोकं टेबलावर टेकवलं आणि बाई, तुमच्यासाठी पहिल्यांदा तेव्हा रडलो.

बायको म्हणाली, फोन करून सांगा की तिला. मला ते पटेना. तुम्ही फोनवर सांगितलं नसतं. रविवारी सकाळी मी मोटारसायकल काढली आणि बार्शीच्या पलीकडं, त्यांच्या टोळीचा मुक्काम होता तिथं गेलो. वाटेत पाठ केलेलं भाषण फार चांगलं होतं. शिक्षणाचा हक्क, मुलींचं भविष्य, सगळं.

माळावर पंधरा-वीस कोप्या. मोठी माणसं फडात गेलेली. एका बाभळीखाली पोरं गोल बसलेली दिसली आणि मधे सोनाली, काखेला भाऊ. आठेक पोरं असतील, कुणी आपल्याकडची नाहीत, बीडकडची, पाथर्डीकडची. एक बारीक पोरगी उभी राहून काहीतरी सांगत होती आणि सोनाली तिला म्हणत होती, "उत्तर नगं सांगू गं. आधी सवाल नीट सांग."

बाई, तो तुमचाच सूर होता. मी गाडी बंद करायची विसरलो.

ती उठून आली. मी पाठ केलेलं सगळं विसरून म्हणालो, "सोनाली, एक सांगायचंय. आपल्या बाई..."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "गावाकडनं आज्जीनं त्याच दिशी फोन केलता." मग खाली बघत, भावाच्या पायातला चाळ फिरवत तिनं सांगितलं, "म्या दोन दिस जेवले न्हाय."

"मग मेसेज कुणाला पाठवत होतीस?"

"शाळंला," ती म्हणाली. "कुणीतरी उघडंलच की फोन." आणि मग मान वर करून मला झापलं, "अकरा सवाल झालं, सर. एकाचं बी उत्तर न्हाय. ही पोरं रोज इचारत्यात. ते सवाल माझे एकलीचे न्हाईत, ह्यांचे बी हायेत. म्या काय सांगू ह्यांस्नी?"

मी तिची माफी मागितली. नऊ-दहा वर्षांच्या मुलीची माफी मागायची माझी पहिलीच वेळ. तिनं ती लगेच दिली आणि ट्रॅक्टरच्या चाकाचं उत्तर मागितलं. मला येत नव्हतं. तसं सांगितलं तर तिला बरंच वाटलं.

दुपारी बाळू भाकरीला आला. त्याची बायको आणि आणखी तीन-चार जणी होत्या. मी भाषण सुरू केलं आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळलो, कारण बाळू पोरीकडं बघत होता, माझ्याकडं नव्हे. मी म्हणालो, वाशीला मुलींना एसटीचा पास फुकट असतो. तो म्हणाला, "पास फुकट हाय, सर. पर एस्टी येती कवा?" तेवढ्यात एक बाई म्हणाली, "न्हेऊ नका वो तिला, गुरुजी. ही हाय म्हणून आमची लेकरं झाडाखाली बसत्यात. न्हायतर ट्रॅक्टरच्या मागं पळत्यात. पुढल्या साली बी ती पायजेच आमाला." बाकीच्या माना हलवायला लागल्या. बघा बाई, तुम्ही तिला इतकं चांगलं तयार केलंत की तिला कुणी सोडायला तयार नव्हतं. त्या बायकांचंही खोटं नव्हतं. मी अगदी हात टेकले.

उत्तर सोनालीनंच काढलं. तिनं त्या बारीक पोरीला हाताला धरून पुढं आणलं. "ही दुर्गा. हिला सवाल काढाया येतोय आता. आधी नुसती उत्तरं द्यायची. अजून दोन म्हैनं हायेत, म्या हिला तयार करते. पुढल्या साली झाडाखाली ही बसवील आन म्या वाशीला बसून ह्यांची उत्तरं काढीन." मग बापाकडं वळून म्हणाली, "आण्णा, वाशीला माझ्या वर्गातल्या दोघी जाणार हायेत. त्यांच्यासंगं जाईन. आज्जीपाशी ऱ्हाईन. धाकट्याला बी ऱ्हाऊ द्या, आज्जीला बी करमंल."

बाळूनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग कोयता उचलला आणि म्हणाला, "बघतो." एवढंच. मराठवाड्यातला 'बघतो' म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. निम्म्या वेळा तो नकारच असतो. परत येताना मी रस्ताभर तुमच्यावर चिडलो होतो, खरं सांगतो. हे बोलणं तुमचं होतं. अर्धवट टाकून गेलात.

आज सोमवार. पोरांना गोल बसवलं. पहिली-दुसरीलाही त्यांच्यात घेतलं, नाहीतरी मी एकटाच आहे. फोन ग्लासात ठेवला आणि एकेक करून अकरा सवाल लावले. गट पाडले. कुणी चिंध्या भिजवायला गेलं, कुणी शेजारच्या गोठ्यात बैल झोपलाय का बघायला. मी चाकाच्या गटात बसलो, खाली, पोरांच्यात. गुडघे दुखतात हो असं बसून, तुम्ही इतकी वर्षं कशा बसायचात?

दुपारी नाही, आज सकाळीच फोन वाजला. बाळूच्या नंबरवरून. पोरं म्हणाली बारावा सवाल, लावा, लावा. मी लावला. आधी नुसती खरखर आली, कोयत्यांचा आवाज, मग घसा खाकरला. सोनाली नव्हती. जो माणूस दोन वर्षांपूर्वी माझे मेसेज नुसते अंगठ्यानं उघडून ठेवत होता, तो शाळेच्या फोनवर पहिल्यांदा बोलत होता.

"सर, मी बाळू बोलतोय. रातभर इचार केला. पोरीला वाशीला घालतो. एक साल. मग पुढं बघू. बाईंनी उन्हाळ्यात बसून बोलू म्हणलं व्हतं. त्या आता न्हाईत, तवा म्हणलं आपणच सांगावं."

पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. मी त्यांना गप्प केलं नाही. वऱ्हांड्यात आलो, तुमची स्कूटी उभी राहायची तिकडं तोंड करून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, कुणी ऐकलं असलं तर ऐकू दे: एक साल मिळालं, बाई. तुम्ही असता तर दोन मिळवली असती. पण माझी पहिलीच वेळ होती.